विणकामासाठी सुताची पारख : स्वेटरवर गोळे येऊ नयेत म्हणून

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारठा वाढू लागला की आठवड्याच्या बाजारात लोकरीच्या गुंड्यांचे रंगीबेरंगी ढीग दिसू लागतात. गावोगावच्या भगिनी ही लोकर विकत घेतात व शेतातील कामे आटोपल्यावर सायंकाळी विणकामास बसतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा एक स्वेटर म्हणजे सुमारे ३५ हजार टाके. पुष्कळ संध्याकाळी खर्ची पडतात तेव्हा तो अंगात घालण्याजोगा होतो. परंतु पुष्कळदा असे आढळून येते की, महिनाभराच्या वापरातच त्या स्वेटरच्या कोपरांवर, काखेत आणि दप्तराचा पट्टा घासतो त्या खांद्यावर लोकरीचे बारीक बारीक गोळे दिसू लागतात. नवा स्वेटर जुनाट दिसतो आणि मूल तो घालण्यास कुरकुर करते.

अशा वेळी विणणारीच्या हाताला बोल लागतो. वस्तुतः दोष बहुधा हाताचा नसून सुताचा असतो. आणि सुताचा हा दोष पैसे मोजण्यापूर्वीच ओळखता येण्यासारखा आहे. घरच्या मुलापुरता प्रश्न असेल तर नुकसान एका स्वेटरचे. परंतु एखाद्या बचत गटाने शाळेच्या पन्नास स्वेटरांचे काम अंगावर घेतले आणि सूत चुकले, तर पन्नास घरांतून तक्रार येते व पुढील वर्षी ते काम गटाकडे येत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुताची पारख स्वतः शिकून घ्यावी आणि ती गटांना प्रात्यक्षिकाने दाखवावी, हे अगत्याचे आहे.

गोळे कसे तयार होतात

सूत हे अनेक लहान तंतू एकत्र पिळून तयार झालेले असते. अंबाडीचा किंवा घायपाताचा दोर वळणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट निराळी सांगावयास नको. वाख लांब असेल आणि पीळ चांगला बसला असेल, तर दोर गुळगुळीत राहतो. वाखाचे तुकडे आखूड असतील किंवा पीळ ढिला असेल, तर दोराच्या अंगावर सर्वत्र टोके निघतात व तो लवकर विसकटतो. लोकरीच्या सुताचेही नेमके असेच आहे.

गोळा तयार होण्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम कापड घासले जाऊन सुतातील तंतूंची मोकळी टोके बाहेर येतात व कापडावर लव दिसू लागते. दुसऱ्या पायरीस ही लव घासली जाऊन एकमेकींत गुंतते. तिसऱ्या पायरीस त्या गुंत्याचा घट्ट गोळा वळला जातो. हा गोळा काही तंतूंच्या आधारे कापडाला लोंबत राहतो.

यापुढे काय घडते, ते तंतूच्या बळकटीवर अवलंबून असते. मेंढीच्या लोकरीचा तंतू तुलनेने कमजोर असल्यामुळे आधाराचे तंतू तुटतात आणि काही दिवसांनी गोळे आपोआप गळून पडतात. अॅक्रिलिक, नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांचे कृत्रिम तंतू मात्र चिवट असतात. ते सहसा तुटत नाहीत, त्यामुळे गोळा कापडाला धरून राहतो व त्यात धूळ आणि इतर तंतू अडकून तो वाढतो. बळकट तंतूचे कापड अधिक टिकते हे खरे; परंतु त्याच बळकटीमुळे त्यावरील गोळेही अधिक टिकतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. गोळ्यांचे मूळ तंतूंच्या मोकळ्या टोकांत आहे. ज्या सुतात मोकळी टोके कमी आणि असलेली टोके घट्ट धरून ठेवलेली, ते सूत गोळे कमी धरते. सुताची सारी पारख या एका तत्त्वावर उभी आहे.

सुताचे चार गुण

१. तंतूची लांबी : तेवढ्याच वजनाच्या व तेवढ्याच जाडीच्या तंतूंची लांबी निम्मी केली, तर टोकांची संख्या दुप्पट होते. म्हणून लांब तंतूचे सूत केव्हाही श्रेष्ठ. गिरणीमध्ये लोकरीचे सूत मुख्यत्वे दोन प्रकारे तयार होते. एका प्रकारात लोकर केवळ पिंजून कातली जाते. त्यात आखूड-लांब सर्व तंतू आडवेतिडवे राहतात आणि सूत फुगीर व लवदार होते. दुसऱ्या प्रकारात पिंजल्यानंतर लोकर विंचरली जाते. विंचरताना आखूड तंतू निघून जातात व उरलेले लांब तंतू एका दिशेने बसतात. हे सूत गुळगुळीत असते आणि गोळे कमी धरते. वेष्टनावर ‘वर्स्टेड’ असा शब्द असेल तर तो या दुसऱ्या प्रकाराचा निदर्शक समजावा. तथापि काही कंपन्या हा शब्द केवळ सुताची जाडी दाखविण्यासाठी वापरतात. म्हणून शब्दावर विसंबून न राहता सूत हातात घेऊन पाहावे.

२. तंतूची जाडी : तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीची लोकर सामान्यतः २४ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असते. बारीक तंतू अंगाला मऊ लागतो; परंतु तेवढ्याच जाडीच्या सुतात अशा तंतूंची संख्या अधिक असते आणि ते सहज वाकून गुंततात. म्हणून बारीक लोकर लवकर गोळे धरते. २५ ते ३० मायक्रॉनची मध्यम लोकर तितकी मऊ नसली, तरी रोजच्या वापराच्या स्वेटरास अधिक उपयुक्त ठरते.

३. पीळ : पीळ तंतूंना जागच्या जागी धरून ठेवतो. ढिल्या पिळाचे सूत मऊ, फुगीर आणि देखणे दिसते, पण त्यातील तंतू सहज निसटतात. घट्ट पिळाचे सूत हाताला किंचित कठीण लागते, मात्र टिकते.

४. पदर : एकपदरी सुतात तंतूंना केवळ त्यांच्याच पिळाचा आधार असतो. दोन, तीन किंवा चार पदर उलट दिशेने एकत्र पिळले म्हणजे एका पदराची टोके दुसऱ्या पदराखाली दाबली जातात. म्हणून एकपदरी जाड सुतापेक्षा तेवढ्याच जाडीचे तिपदरी किंवा चौपदरी सूत अधिक भरवशाचे असते.

या चार गुणांवरून असे दिसून येईल की, दुकानात हाताला सर्वांत मऊ लागते तेच सूत सर्वांत लवकर गोळे धरण्याचा संभव असतो. बहुतेक गिऱ्हाइके मऊपणावरूनच निवड करतात आणि नेमकी येथेच चूक होते.

बाजारात मिळणारे प्रकार

आपल्याकडे ‘लोकर’ या नावाने विकले जाणारे पुष्कळसे सूत प्रत्यक्षात अॅक्रिलिकचे असते. ते स्वस्त व हलके असते, रंगांत विपुल मिळते आणि त्याला कसर लागत नाही. त्यात लबाडी आहे असे नव्हे. परंतु आपण काय घेत आहोत हे गिऱ्हाइकास ठाऊक असले पाहिजे. अॅक्रिलिक घ्यावयाचे असल्यास गोळे कमी धरणारे, म्हणजे ‘अँटी-पिलिंग’ असे छापलेले व चांगल्या पिळाचे सूत पसंत करावे.

लोकर व अॅक्रिलिक किंवा लोकर व नायलॉन यांचे मिश्र सूतही मिळते. नायलॉनमुळे मोज्याची टाच व चवडा लवकर झिजत नाहीत. मात्र स्वेटरच्या बाबतीत मिश्रणाचा एक तोटा संभवतो. लोकरीचे तंतू बाहेर येऊन गुंततात आणि कृत्रिम तंतू त्या गुंत्याला घट्ट धरून ठेवतात. म्हणून मिश्र सुताचा नमुना तपासल्याशिवाय मोठी खरेदी करू नये.

अंगोरा सशाची लोकर आणि पश्मिना ही अत्यंत मऊ व उबदार असतात. तथापि त्यांचे तंतू फार बारीक व निसटते असल्यामुळे शाळकरी मुलांच्या किंवा शेतात वावरणाऱ्यांच्या कपड्यांस ती योग्य नव्हेत.

ज्या भागात थंडी बेताची असते, तेथे कापसाच्या सुताचा विचार अवश्य करावा. कापसालाही वरील तत्त्वेच लागू पडतात. लांब धाग्याच्या कापसाचे, विंचरलेले व दुपदरी सूत गोळे कमी धरते. मर्सराइज केलेले सूत अधिक गुळगुळीत व चकचकीत असते. कापसाच्या धाग्याच्या लांबीस बाजारात भाव का मिळतो, याचे एक कारण कापूस उत्पादकास येथे प्रत्यक्ष दिसेल.

दुकानात करावयाची पारख

पुढील पाच कसोट्यांस कोणतेही उपकरण लागत नाही.

पहिली कसोटी उजेडाची. सुताचा हातभर तुकडा उजेडाकडे धरून पाहावा. कडेला दाट लव दिसली, तर ते सूत वापरात आणखी लव सोडील असे समजावे.

दुसरी कसोटी पदरांची. सुताचे टोक उलट पिळून पदर मोकळे करावेत व मोजावेत. त्याच वेळी सुताच्या ५ सेंटिमीटर लांबीत पदर पूर्ण सुटे होण्यास किती फेरे द्यावे लागतात तेही मोजावे. सारख्या जाडीच्या दोन सुतांपैकी ज्याला अधिक फेरे लागतात त्याचा पीळ अधिक घट्ट होय.

तिसरी कसोटी ओढण्याची. एक पदर सुटा करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरावा, त्याचा पीळ थोडा सैल करावा आणि हळूहळू ओढावे. तो लगेच निसटून वेगळा झाला, तर तंतू आखूड आहेत. निसटलेले तंतू काळ्या कापडावर ठेवून त्यांची लांबी पाहावी. सूत काळे असल्यास पांढरे कापड घ्यावे.

चौथी कसोटी चोळण्याची. सुताचा तुकडा अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून तीस वेळा चोळावा. चांगले सूत जसेच्या तसे राहते. हलक्या सुतावर तूस उभे राहते व बारीक गाठी दिसू लागतात.

पाचवी कसोटी जाळण्याची. ही दुकानात न करता घरी, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, चिमट्यात धरून व मुलांना दूर ठेवून करावी. मेंढीची लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. कापूस कागदाप्रमाणे जळतो व त्याची मऊ राख होते. अॅक्रिलिक वितळत जळते व मागे काळा, कठीण मणी उरतो. वितळलेला थेंब त्वचेस भाजतो, म्हणून सावधगिरी बाळगावी.

गटासाठी प्रात्यक्षिक

मोठी खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक गटाने पुढील प्रात्यक्षिक करावे. कार्यकर्त्यांनी ते बैठकीतच करून दाखविल्यास अधिक परिणाम होतो.

तीन निरनिराळ्या सुतांचा प्रत्येकी एक गुंडा आणावा. प्रत्येक सुताचे १२ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे दोन तुकडे एकाच हाताने, एकाच क्रमांकाच्या सुयांनी विणावेत. ते एकदा कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. नंतर एक तुकडा लाकडी पाटावर ताणून टाचण्यांनी बसवावा आणि त्याच सुताचा दुसरा तुकडा लहान लाकडी ठोकळ्याला गुंडाळून बांधावा. ठोकळ्यावर अर्धा किलोचे वजन ठेवून तो पाटावरील तुकड्यावर गोलाकार २०० वेळा फिरवावा. वजन सरकू नये म्हणून ते बांधून घ्यावे. तिन्ही सुतांना वजन व फेरे अगदी सारखे द्यावेत. मग तिन्ही तुकडे शेजारी ठेवून खिडकीजवळ तिरप्या उजेडात पाहावेत.

वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळेत मार्टिनडेल यंत्रावर याच पद्धतीने कापड घासले जाते आणि त्याला १ ते ५ अशी श्रेणी दिली जाते. ५ म्हणजे कापडात काहीही बदल नाही. १ म्हणजे गोळे अत्यंत दाट. पाटावरील प्रयोगाला तितका काटेकोरपणा येणार नाही. पण तीन सुतांपैकी बरे कोणते हे निवडण्यास तो पुरेसा आहे. निवडलेल्या सुताचा तुकडा व वेष्टन वहीत चिकटवून ठेवावे. पुढील वर्षी ती वहीच गटाला मार्गदर्शक ठरते.

हिशेबही याच वेळी मांडावा. समजा, एका स्वेटरास २५० ग्रॅम सूत लागते. चांगले सूत हलक्या सुताच्या दीडपट किमतीचे असले, परंतु त्याचा स्वेटर एकाऐवजी दोन हिवाळे चांगला राहिला, तर ते स्वस्तच पडले. विणणारीच्या ३५ हजार टाक्यांचे मोल तर या हिशेबात धरलेलेच नाही.

विणताना घ्यावयाची काळजी

उत्तम सूतही ढिले विणल्यास गोळे धरते, कारण सैल टाक्यांत सूत हलत राहते व अधिक घासले जाते. बाजारात मिळणाऱ्या सुयांचा क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर जाड असते, तर १० क्रमांकाची ३.२५ मिलिमीटर. ८ क्रमांकाच्या सुईने विणकाम सैल येत असेल, तर ९ किंवा १० क्रमांकाची सुई घ्यावी. सूत थोडे अधिक लागेल, परंतु कापड घट्ट होईल. मात्र विणकाम फळीसारखे ताठ होईल इतकेही घट्ट विणू नये. शाळेच्या स्वेटरास जाळीदार व उठावदार नक्षीपेक्षा साधी वीण बरी. कोपरावर आतून त्याच सुताचा दुसरा पदर लावल्यास तो भाग अधिक दिवस टिकतो.

मेंढपाळांनी काय करावे

सुताची प्रत गिरणीत ठरते असे समजले जाते. परंतु तिचा आरंभ मेंढीच्या पाठीवर होतो. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असून तिच्यात पोकळ, ठिसूळ केसही असतात. तिच्यापासून घोंगडी व जेन उत्तम होतात. अंगाला लागून घालावयाच्या स्वेटरास ती खरखरीत पडते. म्हणून दख्खनी लोकरीचे स्वेटर विणण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तथापि घोंगडीच्या सुतालाही लांब तंतू व चांगला पीळ यांचा लाभ होतोच. पिशव्या, आसने, जाड बाह्यवस्त्रे अशा वस्तूंसाठी निवडक दख्खनी लोकर वापरता येते.

याकरिता कातरणीच्या वेळी काही नियम पाळावेत. मेंढ्या आधी धुऊन, स्वच्छ जागी वाळू द्याव्यात. कातर कातडीलगत एकदाच चालवावी. वर राहिलेली लोकर पुन्हा कातरली की तिचे बारीक तुकडे पडतात, आणि हेच तुकडे पुढे सुतातून बाहेर येतात. असे तुकडे चांगल्या लोकरीत मिसळू नयेत. पोटाची, पायांची व शेपटीजवळची लोकर निराळी ठेवावी. काळी व पांढरी लोकर वेगवेगळ्या पोत्यांत भरावी. वर्षातून दोनदा कातरणी करण्याची चाल आहे. प्रत्येक कातरणीची लोकर वेगळी ठेवल्यास तिची लांबी पाहून योग्य कामाला वापरता येते. ज्या घरांत चरख्यावर लोकर कातली जाते, तेथे पिंजताना आखूड तूस बाजूला काढावे व पीळ सारखा ठेवावा. ते तूस वाया जात नाही. जेन करण्यास किंवा गादीत भरण्यास ते उपयोगी पडते.

धुणे व निगा

लोकरीचा कपडा उलटा करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावा. दगडावर आपटू नये, ब्रशाने घासू नये. पाणी पिळून न काढता दाबून काढावे आणि कपडा सावलीत आडवा पसरून वाळवावा. एकच स्वेटर रोज न घालता शक्य असल्यास दोन आलटून पालटून वापरावेत.

गोळे आलेच, तर ते बोटांनी कधीही ओढू नयेत. ओढल्याने आतील आणखी तंतू बाहेर येतात व काही दिवसांत पूर्वीपेक्षा अधिक गोळे दिसतात. कपडा सपाट पृष्ठभागावर पसरावा व लहान कात्रीने गोळे वरच्यावर कापावेत. यासाठी लहान यंत्रही मिळते. मेंढीच्या लोकरीच्या स्वेटरवर पहिल्या काही आठवड्यांत येणारे गोळे असे काढल्यानंतर पुढे ते पुष्कळदा कमी होत जातात, कारण सुटी टोके संपत येतात. म्हणून थोडे गोळे दिसताच कपडा टाकाऊ समजू नये.

समारोप

गोळे मुळीच धरणार नाही असे लोकरीचे सूत नाही. निवड उपयोगानुसार करावयाची असते. तान्ह्या बाळाच्या टोपड्यास मऊपणा महत्त्वाचा. तेथे थोडे गोळे आले तरी चालतील. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या किंवा पहाटे पिकाला पाणी द्यावयास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या स्वेटरास मात्र लांब तंतूचे, घट्ट पिळाचे, तिपदरी किंवा चौपदरी सूतच घ्यावे व ते घट्ट विणावे.

बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी उगवणशक्ती तपासून पाहतो, कारण वाईट बियाण्यावर केलेली सारी मेहनत वाया जाते हे तो जाणतो. विणणाऱ्या भगिनींनीही पहिला टाका घालण्यापूर्वी सूत असेच तपासून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदाच्या थंडीपूर्वी आपल्या गावातील एका तरी गटात पाटावरील प्रात्यक्षिक करून दाखवावे आणि त्या तुकड्यांची वही गटाच्या स्वाधीन करावी.